रागाचं निदान

रामनगर, वर्धा
११ मार्च १९८४

प्रिय सरू,

दिवाळीपासून तुझं पत्र नाही. का नाही, ते मी विचारत नाही. मला ठाऊक आहे. आई विचारते तेव्हा हल्ली भिलाईकडची डाक उशिरा येते असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते, आणि तीही पटल्यासारखं दाखवते. आज रविवार, वॉर्डात माझी पाळी नाही, आणि आई-बाबा दोघंही बाहेर गेलेत. असं रिकामं घर मला क्वचितच मिळतं. पत्र लांबणार आहे. गुड्डी झोपली की निवांत वाच. मध्येच माझा राग आला तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस.

आधी माझी बातमी. गेल्या वर्षापासून मी आमच्या सरांच्या हाताखाली मेंदू आणि मज्जातंतूंचे रोगी बघते आहे. ‘ताई, तुला माणसांपेक्षा त्यांचे आजार आवडतात,’ असं तू म्हणायचीस. असेलही तसं. पण या आजारांची गंमतच वेगळी आहे गं. छाती तपासायला नळी आहे, हाड मोडलं तर एक्सरे आहे. डोक्याच्या आतलं दाखवणारं यंत्र मुंबईला आलंय म्हणतात. आमच्या हातात रबरी हातोडी, टाचणी, कापसाचा बोळा आणि एक विजेरी. बाकी सगळं बघून आणि विचारून. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘रोगी दारातून आत येतो तेव्हा बघ. एकदा का तो स्टुलावर बसला, की निम्मा आजार लपतो.’ तेव्हापासून मला खोडच लागली आहे. बसस्टँडवर उभी असले तरी लोकांची चाल बघत असते. कोण पाय फरफटवतो, कोणाचा खांदा उतरलाय, कोण वळताना भिंतीला हात लावतो. एकदा एक गृहस्थ चिडून म्हणाले, ‘काय पाहून राह्यल्या बाई?’ त्यांना काय सांगणार!

केळझरची एक सुगरण बाई तोंड वाकडं झालं म्हणून रडत आली. घरच्यांनी लकवा म्हणून आशाच सोडली होती. सर म्हणाले, ‘बाई, कपाळाला आठ्या घाला बरं.’ वाकड्या बाजूच्या कपाळावर एकही आठी पडेना. सरांचा चेहरा खुलला. मला कळेना, आठी पडली नाही यात आनंद कसला! तर त्याचं कारण असं, की कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. मेंदूत बिघाड असता तर कपाळ वाचलं असतं. अख्खी बाजूच गेली, याचा अर्थ मेंदू शाबूत आहे आणि फक्त कानामागून येणारी नस सुजली आहे. महिन्या-दीड महिन्यात बाईचं तोंड जवळजवळ सरळ झालं. हिंगणघाटची एक शाळकरी मुलगी तर तुला फार आवडली असती. वर्गात लक्ष नाही, मास्तरांनी विचारलं तर नुसती बघत राहते, म्हणून रोज छड्या खायची. सरांनी तिला कागदाची भिंगरी दिली आणि म्हणाले, ‘फुंक, थांबायचं नाही.’ फुंकता फुंकता ती मध्येच थांबली. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडल्या, हातात भिंगरी तशीच. काही क्षण ती तिथे नव्हतीच. मग काही झालंच नाही अशी पुन्हा फुंकायला लागली. मिरगीचा हा एक प्रकार आहे. यात पोर पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिच्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तिच्या तळहाताकडेच बघत बसले.

पण मला सांगायचंय ते देवकाबाईंबद्दल.

डिसेंबरात कापसाची वेचणी जोरात असली की ओपीडीत गर्दी कमी असते. अशाच एका दुपारी गिरडजवळच्या खेड्यातून ही बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, ठसठशीत कुंकू, बोलायला फटकळ. सोबत नवरा, रूपराव. त्यांना तिनं दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर बसली. डोकं दुखतं, दोन वर्षांपासून, रोज. मी सगळं विचारलं. सकाळी जास्त की संध्याकाळी, उलटी होते का, समोरचं अंधुक दिसतं का. डोळ्याच्या आतला पडदा पाहिला, मान वाकवून पाहिली, गुडघ्यांवर हातोडी मारली. सगळं ठाकठीक. मी कागदावर लिहायला घेतलं तशी ती म्हणाली, “डोकं काऊन दुखते, ते मले ठाव हाय बाई. हे मह्यावर रागावले हायेत.”

मी वर पाहिलं.

“दोन वरसं झाले. हासत नाईत, धड बोलत नाईत. इचारलं तं म्हन्तेत, रागावलो नाई. अन् तोंड पाहा कसं! भाच्याच्या लग्नाले मी जास्त दिस राह्यली, तवापासून असन. गिरडच्या टेकडीवर जाऊन बाबा फरीदले सांगतलं. केळझरच्या गनपतीले नारळ फोडला. आता तुमीच यायले इचारा, काऊन रागावले म्हून.”

मी रूपरावांकडे नीट बघितलं ते तेव्हाच. आणि सरू, माझा हात लिहिता लिहिता थांबला. ते फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. एक माशी त्यांच्या कपाळावर बसली, भुवईपर्यंत चालत आली, आणि त्यांनी ना हात उचलला ना पापणी मिटली. बायको चारचौघांत आपली तक्रार सांगते आहे आणि माणूस ओशाळत नाही, चिडत नाही, मान फिरवत नाही. आता तू विचार कर. रागावलेल्या माणसाचा चेहरा काहीतरी करत असतो. भुवया आवळतो, ओठ मिटतो, नाकपुड्या फुगवतो. राग म्हणजे चेहऱ्याला केवढं काम! रूपरावांचा चेहरा काहीच करत नव्हता. तो रागावलेला नव्हता, बंद होता.

मी त्यांना उठायला सांगितलं. बाकावरून उठताना ते पुढे झुकले, मागे टेकले, पुन्हा झुकले आणि मग उभे राहिले. व्हरांड्यात चालायला लावलं. डावा हात नेहमीसारखा मागेपुढे होत होता, उजवा मात्र बाजूला टांगून ठेवल्यासारखा. वळायला सांगितलं तर अरुंद बोळात बैलगाडी वळवावी तसे थोडे थोडे करत वळले. अंगठा आणि बोट एकमेकांवर टपटप आपटायला सांगितलं. सुरुवात छान झाली, मग बोटांतलं अंतर कमी होत होत संपलंच. दोन भुवयांच्या मध्ये मी बोटानं हलकेच टिचक्या मारल्या. तुझ्या-माझ्या पापण्या दोन-चार टिचक्यांनंतर सरावतात आणि मिटायच्या थांबतात. त्यांच्या प्रत्येक टिचकीला मिटत राहिल्या. शेवटी मनगट धरून फिरवलं, तर आत दातेरी चाक असावं तसं ते अडत अडत, कट कट करत फिरलं. हा कंपवात होता. फक्त त्यांचा हात कापत नव्हता, आणि हात कापल्याशिवाय कोणी कंपवात म्हणत नाही. कंप नसलेला कंपवात. तो आधी चालीत येतो, आवाजात येतो, आणि चेहऱ्यावर मुखवटा चढवून बसतो.

मी देवकाबाईंना हे समजावत होते तेवढ्यात रूपराव काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला. ते म्हणाले, “मी रुसलो नाई. मले हासू येते. मनात येते, तोंडावर येत नाई.”

देवकाबाई गर्रकन वळल्या. “मंग सांगाचं ना!”

“सांगत तं होतो,” रूपराव म्हणाले. “तुले आयकूच जाये नाई.”

बाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. नर्स धावत आली. तिला वाटलं मी काही वाईट बातमी दिली. सरांना दाखवून आम्ही औषध सुरू केलं. लेवोडोपा नावाच्या गोळ्या आहेत, नागपूरहून मागवाव्या लागतात. मेंदूत जे तयार व्हायचं कमी झालंय, ते त्या भरून काढतात. लागू पडल्या तर निदानावर शिक्कामोर्तबच.

त्या संध्याकाळी सेवाग्रामहून बसनं घरी येताना मी नुसती हवेत होते. आजारी म्हणून आली होती बायको आणि आजार सापडला सोबत आलेल्या नवऱ्यात! ही गोष्ट सांगायला मला आपल्या घरात एकच माणूस सुचला. बाबा. शाळेत भूमिती शिकवतानाची त्यांची मजा तुला आठवत असेलच. आधी उत्तर सांगायचं नाही, एकेक पायरी मांडायची, आणि पोरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला की खडू टेबलावर आपटून ‘म्हणून!’ असं ओरडायचं. बाबा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मी खाली पायरीवर बसले आणि त्यांच्याच पद्धतीनं सुरू केलं. देवकाबाईंचं डोकं, मग माशी, मग बाकावरून उठणं, मग टांगलेला हात. ते ऐकत होते. मी गोष्ट रंगवत होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

आणि सांगता सांगता माझे शब्द आटले. कारण मी ज्या चेहऱ्याचं वर्णन करत होते तो चेहरा माझ्यासमोर होता. ओठ किंचित विलग, नजर माझ्यावर, पापणी मिटायला विसरलेली. आई गेले कितीतरी महिने म्हणते आहे, ‘हे आता तोंडातल्या तोंडात बोलतात, मुद्दाम मला पुन्हा विचारायला लावतात.’ सदऱ्याची बटणं लावायला त्यांना वेळ लागतो, तर आम्ही म्हणायचो, निवृत्त माणसाला कसली घाई! रोज समोर असलेलं माणूस दारातून आत येताना दिसतच नाही गं. ते कायम आतच असतं.

मोगऱ्याच्या वाफ्यात आई पाणी घालत होती, त्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं बाबा बारीक आवाजात म्हणाले, “पुढे? मनगट राहिलं ना?”

मी पायरीवरून उठून त्यांच्या खुर्चीशी गेले.

त्यांनी सावकाश हात पुढे केला. “घे. बघ.”

सरू, किती मनगटं मी फिरवली असतील. हे मनगट फिरवताना मी देवाला म्हणत होते, गुळगुळीत फिरू दे. ते फिरलं नाही. दाता अडला, सुटला, पुन्हा अडला. बाबा माझ्या बोटांकडे बघत होते, एखादा मुलगा फळ्यावर उदाहरण सोडवताना बघायचे तसे.

“सिद्ध झालं?” त्यांनी विचारलं.

“जवळजवळ.”

“जवळजवळ असं काही नसतं,” ते म्हणाले. मला वाटलं, आता आजाराबद्दल विचारतील; बरा होतो का, वाढतो का. त्यांनी विचारलं, “म्हणजे सरू आली होती तेव्हाही हे होतं?”

म्हणून आता दिवाळीबद्दल लिहिते. तू चार वर्षांनी या घराची पायरी चढलीस. हिरालाल पिशव्या घेऊन मागे उभे होते आणि तू गुड्डीला बाबांच्या मांडीवर ठेवलंस. बाबा हलले नाहीत. हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच राहिले. गुड्डी घसरायला लागली, आई धावली आणि तिनं पोरीला उचललं. तू बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघत होते, म्हणून मला माहीत आहे तुला तिथे काय दिसलं ते. दगड. हिरालालनी नमस्कार केला, त्याचंही उत्तर आलं नाही. खरं तर आलं होतं. त्यांचे हात जुळत वर येत होते, पण तोवर हिरालाल वळून पाणी प्यायला आत गेले होते. दोन दिवस बाबा ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलले. भाऊबीज होती आणि आपल्याला भाऊ नाही, म्हणून लहानपणापासून तू बाबांनाच ओवाळतेस; त्या दिवशी तू ताट केलंच नाहीस. ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीनं गेलीस. स्टेशनवर तू मला म्हणालीस, ‘ताई, माझ्यावरचा राग मी समजू शकते. पण त्या एवढ्याशा पोरीवर?’

हे सगळं मी त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं, स्टेशनवरच्या तुझ्या वाक्यासकट. म्हटलं, तो राग नव्हता, बाबा, तो आजार होता. सरूला मी आजच लिहिते. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. तर त्यांनी मान हलवली.

“पोरीला धरायला हात निघेचनात. पडेल असं वाटलं. ते आजाराचं,” ते म्हणाले. “पण मी रागावलोही होतो, सुमा. सगळं आजारावर ढकलू नकोस. ते खोटं होईल.”

मी म्हटलं, मग राग किती आणि आजार किती, हे कसं ठरवायचं?

सरू, खरं सांगते, त्या क्षणी मी त्यांची मुलगीही नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. आम्ही दोघं एका कूट प्रश्नापुढे बसलो होतो. कारण प्रश्न खराच अवघड होता. आम्ही मागे मागे जाऊन बघितलं. तुझं लग्न एकोणऐंशीचं. बाबा निवृत्त झाले एक्याऐंशीत. शेवटच्या वर्षी मागच्या बाकांवरची मुलं ओरडायची, ‘सर, अक्षर मोठं काढा, दिसत नाही.’ बाबांना वाटायचं, पोरं उगाच छळतात. फळ्यावरचं अक्षर लहान होत जाणं हे याच आजाराचं लक्षण. म्हणजे आजार साधारण तेव्हा आला असावा आणि राग त्याच्या आधीपासून घरात होता. एकाच चेहऱ्यावर आधी एक येऊन बसला, मग दुसरा. आणि पहिला कधी उठून गेला ते कोणालाच दिसलं नाही, खुद्द बाबांनासुद्धा.

शेवटी तेच म्हणाले, “तुझ्या त्या गोळीनं राग जातो का?”

“नाही.”

“मग घेऊन बघू. जे जाईल ते आजाराचं. जे उरेल ते माझं. तोवर सरूला लिहू नकोस.”

म्हणून मी इतके दिवस लिहिलं नाही.

आपल्याच वडिलांवर आपण उपचार करू नयेत, म्हणून मी त्यांना सरांकडे नेलं. सर खुर्ची सोडून दारापर्यंत आले नाहीत. बसल्या जागेवरून बाबांना आत येताना बघत राहिले, आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला फार मळमळ झाली. अन्न नको, बोलणं नको, एकदा तर बाबांनी गोळी कुंडीत टाकली आणि आईनं ती शोधून काढली. मग सरांनी मात्रा कमी केली, हळूहळू वाढवली. जानेवारी तसाच गेला. मी रोज सकाळी बघायची, रोज तोच चेहरा. मला रात्री वाटायचं, मी चुकले तर नाही? हा नुसता राग असेल तर?

फेब्रुवारीतली गोष्ट. आई नवीन चष्म्याला सरावली नव्हती. तिनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. बाबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. चांगलं वाकडं, डोळे बारीक, नाक वर, हनुवटी गोळा. आई क्षणभर बघतच राहिली. मग ओरडली, “सुमा, अगं धाव, ह्यांनी तोंड वाकडं केलं!” मी साबणाच्या हातांनी बाहेर आले. आई हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि बाबा मोठ्यानं, शेजारच्या अंगणात जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “मीठ आहे यात! हसता काय!” आणि मग तेही हसले. नुसते ओठ नाही, डोळ्यांच्या कडांपर्यंत. तो कप आईनं किती तरी वेळ धुतलाच नाही.

तेव्हापासून सुधारणा आहे. चाल मोकळी झाली, आवाज परत आला, बटणं स्वतः लावतात. मागच्या आठवड्यात रूपराव आणि देवकाबाईही तपासणीला आले होते. मी डोक्याचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, “डोकं दुखाचं राह्यलं. पन आता हे लय बोलतेत हो बाई. दोन वरसाचं साचलेलं बोलून राह्यले.” रूपराव शेजारी उभे राहून हसत होते, आणि देवकाबाई बोलता बोलता दर थोड्या वेळानं वळून ते हसू बघून घेत होत्या.

फाल्गुन लागला तेव्हा मी बाबांना विचारलं, काय उरलं? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. हा उशीर आजाराचा नव्हता, विचाराचा होता. म्हणाले, हिरालालची जात, त्यांची भाषा, लोक काय म्हणतील, हा राग होता, आणि तो होता हे सांगायला आता लाज वाटते. गुड्डी झाल्याचं कळलं त्या दिवशी तो संपला होता. कोणाला सांगितलं नाही एवढंच. मग म्हणाले, “पण एक उरलाय. तारेचा.” लग्न करून तू दुर्गहून तार केली होतीस. आपल्याकडे तार कशी यायची ते तुला माहीत आहे. आजोबा गेले तेव्हा आली, मामा गेले तेव्हा आली. तारवाला दारात उभा राहिला आणि घराबाहेर तेव्हा फक्त तूच होतीस. ती उघडेपर्यंत बाबांना वाटलं, सरू गेली. उघडली, तर लग्न. “त्या दोन मिनिटांचा राग आहे,” ते म्हणाले. “तो कोणत्याही गोळीनं जाणार नाही. तो मी तिला समोर बसून सांगणार आहे.”

आता हे पत्र आजच का, ते सांगते. आई-बाबा आत्ता स्टेशनवर गेलेत, तिकिटं काढायला. होळी झाली की हावड्याकडच्या रात्रीच्या गाडीनं ते निघतील आणि सकाळी दुर्गला उतरून तुझ्याकडे येतील. तुला कळवायचं नाही, अशी बाबांनी मला ताकीद दिली आहे. तिनं नको म्हटलं तर मला जाता येणार नाही, असं ते म्हणाले. न विचारता गेलो तर निदान दार तरी उघडेल. मी ती ताकीद मोडते आहे, कारण मला एका गोष्टीची भीती वाटते. रात्रभराच्या प्रवासानंतर गोळीचा अंमल उतरलेला असतो, आणि सकाळची गोळी लागू व्हायला तास-दीड तास जातो. तू दार उघडशील तेव्हा तुझ्यासमोर कदाचित तोच चेहरा असेल, दिवाळीतला. त्यावरून काही ठरवू नकोस. दारातून आत येताना त्यांची चाल बघ. त्यांना खुर्ची दे, आईला विचार गोळी दिली का, आणि चहा ठेव. हिरालालनाही हे पत्र वाचून दाखव. ही औषधं काही वर्षं छान चालतात, पुढे त्यांचा जोर कमी होतो. किती वर्षं, ते सरांनाही सांगता येत नाही, म्हणून मी बाबांना अडवलं नाही. थोडा वेळ थांब, मग ते बोलायला लागतील. तारेचंही बोलतील, ते ऐकून घे. आणि तुझ्या मनात जे साचलं असेल, तेही त्यांना सांग, सगळं सांग. ऐकण्यात त्यांना कधीच काही अडचण नव्हती.

तुझीच,
सुमाताई